घरचं कोंबडीचं मटण: कोकणातल्या परड्यात पंचवीस पक्ष्यांची एक बॅच

आमच्या देवगडकडे कुणी कोंबड्या पाळायच्या म्हटल्या की पहिला प्रश्न येतो मुंगसाचा, नाहीतर वाघाचा. (बिबट्याला इथे वाघच म्हणतात.) मुंगसाने आजवर माझे चार पक्षी नेले. ओलीने नऊ नेले, तेही एका आठवड्यात. पंचवीसपैकी नऊ. जूनच्या शेवटी पिल्लं आणली होती, मृगाचा पाऊस लागून गेला होता आणि खुराड्यातला तूस रोज सकाळी हाताला थंड लागत होता. मला वाटलं, पावसाळा आहे, चालायचंच. आठव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसायला लागलं.

पुढे जे सांगते आहे ते याच एका धड्याभोवती फिरतं. किनारपट्टीवर चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने हवेत दमटपणा असतोच. घाटावरची माहितीपुस्तकं वाचून इथे कोंबडी वाढवता येते, पण गादी, म्हणजे खुराड्यात अंथरलेला तुसाचा थर, कोरडी कशी ठेवायची ते पुस्तकात दोन ओळींत उरकतात. इथे त्या दोन ओळींवरच सगळं ठरतं.

कधी आणि कोणते पक्षी

पहिली बॅच दसऱ्यानंतर आणा. भात कापून झालेलं असतं, तूस आणि पेंढा ताजा मिळतो, हवा सुकत जाते. मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा मटण हवं असेल तर पिल्लं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणा, म्हणजे ब्रॉयलर मेच्या सुरुवातीला कापायला तयार होतात आणि ऐन उष्म्यात जड पक्षी अंगावर राहत नाहीत. गटारीसाठी म्हणून जूनमध्ये पिल्लं आणण्याचा मोह सगळ्यांना होतो. दोन-तीन बॅच हातून गेल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पांढरा ब्रॉयलर चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोचा होतो आणि त्यासाठी साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. पंचवीस पक्ष्यांचं गणित म्हणजे पन्नास किलोची दोन पोती, त्यातही थोडं उरतं. सोलून-साफ करून हाती पस्तीस किलोच्या आसपास मटण येतं. पण तो पक्षी नाजूक. पाय वजन पेलत नाहीत, उकाड्यात धाप लागते आणि आठ आठवड्यांच्या पुढे ठेवला तर हृदय बंद पडून पटकन मरतो. ‘अजून थोडा वाढू दे’ हे त्याच्या बाबतीत चालत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे वनराज, गिरिराज यांसारखे रंगीत पक्षी. वनराज हैदराबादच्या केंद्रीय संशोधन संस्थेने तयार केला, गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने. दोन्ही परसातल्या कोंबडीसाठीच तयार केलेले आहेत. दहा-अकरा आठवडे लागतात, खाद्य पक्ष्यामागे चार-साडेचार किलो जातं, पण ते अंगणात फिरून किडे-पाला खातात, आजाराला दाद देत नाहीत आणि वड्यांबरोबर खाताना रस्सा गावठीच्या जवळ जातो. मला विचाराल तर पहिल्यांदा रंगीत. ब्रॉयलरची चव बाजारातही मिळते, त्यासाठी घरी दीड महिना राबण्यात अर्थ नाही.

पंचवीस हा आकडा उगाच नाही. याहून कमी पिल्लांना ऊब धरत नाही आणि याहून जास्त पक्षी एका घरातल्या माणसांना चार सकाळींत कापून होत नाहीत.

खुराडा

पंचवीस ब्रॉयलरना तीस चौरस फूट पुरते, रंगीत पक्ष्यांना पन्नास द्या. मांगराची एक बाजू, गोठ्याची रिकामी पडवी, काहीही चालेल. फक्त जमीन भोवतालच्या मातीपेक्षा दीड फूट उंच हवी. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चौथरा सगळ्यात बरा. चिरा स्वतः पाणी ओढतो, म्हणून वरून सिमेंटचा कोबा करा, नाहीतर निदान गादीखाली प्लास्टिकचा कागद घाला. शेणाने सारवलेली जमीन उन्हाळ्यात छान, पावसाळ्यात खालून ओल सोडते.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन आत घुसत नाही. पाऊस आपल्याकडे नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्या अंगाला छप्पर तीन फूट पुढे काढा आणि झाप किंवा ताडपत्री अशी बांधा की वरून दीड फूट उघडं राहील. सगळं गच्च बंद करायची चूक बहुतेक जण करतात. आतली वाफ बाहेर गेली नाही तर ओल आतूनच तयार होते. पंचवीस पक्षी रोज पाच-सहा लिटर पाणी पितात आणि त्यातलं बरंचसं गादीवरच येतं.

जाळी अर्ध्या इंचाची. कोंबड्यांची जाळी म्हणून जी एक इंचाची षटकोनी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाच्या पिल्लाला आणि सापाला बाहेर ठेवत नाही. जाळी जमिनीत फूटभर पुरा, घूस तिथूनच उकरते. दाराला खटका नको, कडी लावा. अजगर आत सापडला तर मारू नका, तो संरक्षित आहे. वनविभागाला कळवा, येऊन घेऊन जातात.

पहिले दहा दिवस

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी सगळं तयार हवं. तीन इंच कोरडा तूस, त्यावर वर्तमानपत्र. भोवती पत्र्याचं किंवा जाड पुठ्ठ्याचं दीड फूट उंच रिंगण, चार फूट व्यासाचं. कोपरा कुठेही नको, कारण भ्यालेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

रिंगणाच्या मधोमध शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब, जमिनीपासून दीड फुटावर. एलईडी चालत नाही. हे मी लिहिते आहे कारण मी ते केलं आहे: नऊ वॅटचा लख्ख पांढरा दिवा लावून रात्री निवांत झोपले. पहाटे शेजारच्या काकी डोकावल्या आणि म्हणाल्या, “पिलां कुडकुडतत गो, दिव्याक हात तरी लावून बघलंस?” हात लावला. दिवा गार होता. उजेड होता, ऊब नव्हती.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर तेहतीस-चौतीस अंश हवेत, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा झाली तर गारठली आहेत, बल्ब खाली घ्या. रिंगणाच्या कडेला चोच उघडून बसली तर गरम होतंय, वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय. सगळीकडे विखुरलेली, मधेच दाणे टिपणारी, मधेच पाय लांबवून झोपणारी पिल्लं दिसली की समजा, जमलं. तिसऱ्या आठवड्यानंतर आपल्या हवेत दिवसा बल्ब लागत नाही.

वीज जाणारच, हे धरून चाला. उकळलेलं पाणी बाटल्यांत भरून, फडक्यात गुंडाळून रिंगणात ठेवलं तर दोन-तीन तास निघतात. कोळशाची शेगडी ठेवायची वेळ आली तर बाहेर धूर संपवून, लाल निखारे झाल्यावरच आत न्या आणि वरून वारा खेळता ठेवा.

पिल्लं आल्याबरोबर आधी पाणी, खाद्य दोन तासांनी. पहिल्या पाण्यात लिटरला दोन चमचे गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, एकाने प्यायलं की बाकीची शिकतात. पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी पाच-सहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. मऊ, भरलेली लागली पाहिजे. रिकामी असेल तर त्याला खाद्य सापडलेलं नाही. कडक असेल तर पाणी सापडलेलं नाही.

गादी

रोज सकाळी मूठभर तूस उचलून दाबा. मूठ उघडल्यावर सुटून पडला तर ठीक. लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे, आणि आजच काहीतरी करायला हवं, उद्या नाही.

करायचं काय? पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल झालेला तूस खरवडून बाहेर काढा. बाकीची गादी दाताळ्याने उलटीपालटी करा, खालचं वर, वरचं खाली. पक्षी एका बाजूला हाकलून चुन्याची भुकटी शिंपडा, शंभर चौरस फुटांना किलोभर या हिशेबाने, आणि ती तुसात मिसळा. वर नवा कोरडा तूस पसरा. पावसात हे दर दुसऱ्या दिवशी करावं लागतं, थंडीत आठवड्यातून एकदा. म्हणून तूस आधीच साठवा. ऑगस्टमध्ये कोरडा तूस शोधायला निघालात तर गावभर फिराल.

पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, त्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला यायला हवी. पक्षी वाढतात तसं उचलत जा. निम्मी ओल या एका गोष्टीने थांबते. नाकाचाही उपयोग करा: गुडघ्यावर बसून, पक्ष्याच्या उंचीला नाक नेऊन वास घ्या. उभ्याने जो वास येत नाही तो खाली डोळे चुरचुरवतो, आणि पक्षी चोवीस तास तिथेच असतो.

ओल्या गादीतून येणारा पहिला आजार म्हणजे रक्ती हगवण. पिसं फुलवून, डोळे मिटून उभे राहिलेले पक्षी आणि विटकरी विष्ठा दिसली की ताजी विष्ठा कागदावर घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. औषध पाण्यातून मिळतं आणि वेळेवर दिलं तर पक्षी वाचतात. पण ओली गादी तशीच ठेवून औषध दिलं तर दहा दिवसांनी पुन्हा तेच. कुठलंही औषध दिलं की डॉक्टरांना विचारा, कापायच्या किती दिवस आधी बंद करायचं. तेवढे दिवस पक्षी कापायचा नाही.

लसी

मानमोडीला, म्हणजे रानीखेतला, औषध नाही. हिरवी हगवण, मान वळलेली, आणि आठवड्यात खुराडा रिकामा. लस मात्र स्वस्त आहे. लासोटा ही मानमोडीची लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या आजाराची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास. रंगीत पक्ष्यांना लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्या दिवशी. तारखा तुमच्या डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या, आसपास साथ असेल तर बदलतात.

अडचण अशी की लसीची लहानात लहान बाटलीसुद्धा शंभरेक पिल्लांची असते आणि पातळ केल्यावर दोन तासांत वापरावी लागते. वाडीत आणखी दोघा-तिघांना एकाच आठवड्यात पिल्लं आणायला लावा आणि बाटली वाटून घ्या. लस दुकानातून घरापर्यंत बर्फात आली पाहिजे, स्कूटरच्या डिकीत तापलेली लस म्हणजे रंगीत पाणी. पाण्यातून देणार असाल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी नको, विहिरीचं घ्या.

एका-दोन दिवसांत पटापट पक्षी मेले तर ते कापून खाऊ नका, वहाळात फेकू नका, दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूरला.

खाणं

तयार खाद्य वयाप्रमाणे बदलतं: पहिले दहा दिवस प्री-स्टार्टर, मग तीन आठवड्यांपर्यंत स्टार्टर, पुढे फिनिशर. ब्रॉयलरला घरची कणी-कोंडा देऊन पैसे वाचत नाहीत, प्रथिनं कमी पडली की वाढच थांबते. रंगीत पक्ष्यांना महिन्यानंतर निम्मं खाद्य आणि निम्मं कणी, नाचणी, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं चालतं. वाळवी लागलेलं लाकूड फोडून पुढ्यात टाका आणि मजा बघा.

खाद्याचं पोतं भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा सगळ्यात चांगला. पावसात पोतं तीन आठवड्यांत संपवा. गाठी झाल्या, कुबट वास आला, तर ते टाका. गुरांनाही घालू नका. बुरशीचं विष यकृतावर जातं.

आणि मासळी. किनाऱ्यावर राहून सुकटीची कुटी, माशांची डोकी कोंबड्यांना न घालणं कठीण. प्रथिनं भरपूर असतात, वाढतातही झकास. पण खारवलेल्या माशातल्या मिठाने पक्षी ढसाढसा पाणी पितात आणि गादी ओली करतात. शिवाय वास मटणात उतरतो. एका शिमग्याला मी पाहुण्यांना वाढलेल्या सुक्क्याला बोंबलाचा वास होता. कुणी काही बोललं नाही, वडे मात्र सोलकढीबरोबरच संपले. कापायच्या आधी निदान दोन आठवडे मासळी पूर्ण बंद.

कापायचा दिवस

आदल्या रात्री खाद्य काढून घ्या, पाणी राहू द्या. दहा-बारा तास उपाशी राहिला की आतडी रिकामी होतात आणि साफ करताना फुटली तरी मटण घाण होत नाही. पहाटे अंधारातच पक्षी धरा, तेव्हा ते शांत असतात. पंख धरून ओढू नका, दोन्ही हातांनी पंखांसकट अंग आवळून उचला. घाबरून धडपडलेल्या पक्ष्याचं मटण काळवंडतं. एका सकाळी सहा-सात पुरेत. ऊन चढायच्या आत काम संपलं पाहिजे.

पाच लिटरचा तेलाचा प्लास्टिक कॅन घ्या, बूड कापा, तोंड थोडं मोठं करा आणि आंब्याच्या खोडाला उलटा ठोका. नरसाळ्यासारखं झालं. पक्षी त्यात डोकं खाली करून सोडा, डोकं तोंडातून बाहेर येतं आणि पंख फडफडून मोडत नाहीत. सुरी वस्तऱ्यासारखी धारदार हवी, बोथट सुरीने काम करणं हा त्या जिवाचा छळ आहे. डाव्या हाताने डोकं धरून जबड्याच्या लगेच खाली, कानाच्या मागे, दोन्ही बाजूंच्या शिरा कापल्या जातील असा एकच खोल घाव. मग तीन मिनिटं थांबा. पुढची फडफड ही नसांची असते. पूर्ण निश्चल झाल्याशिवाय गरम पाण्याकडे न्यायचं नाही, यात घाई करू नका. जेवायला मुसलमान शेजारी येणार असतील तर त्यांच्यापैकीच कुणाला तरी कापायला बोलवा, सगळ्यांचं एकत्र जेवण होतं.

पाणी बासष्ट अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर चुलीवरचं खळखळ उकळलेलं पाणी आणि विहिरीचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा, जवळजवळ तेवढंच येतं. पाय धरून पक्षी बुडवा, वर-खाली हलवत पाऊण ते एक मिनिट. शेपटीचं मोठं पीस ओढून बघा, सहज निघालं की बाहेर. जास्त वेळ राहिला तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. प्रत्येक दोन पक्ष्यांनंतर उकळतं पाणी वाढवत राहा.

आधी पंखांची आणि शेपटीची जाड पिसं, मग अंगाची. बारीक लव राहते ती पेंढ्याच्या जाळावर भुरभुर फिरवून घालवा. रॉकेल किंवा प्लास्टिक पेटवून अजिबात नको, वास जात नाही. त्या धुरकट कातडीला हळद चोळली की घरभर जो वास सुटतो तो बाजारच्या सोललेल्या कोंबडीला कधीच येत नाही. कातडी नको असेल तर मात्र पाणी-पिसं सगळं सोडा आणि सरळ सोला, पाच मिनिटांचं काम.

साफ करताना पाय सांध्यावर कापा. शेपटीवरची पिवळी तेलाची गाठ काढा, नाहीतर रस्सा उग्र लागतो. मानेची कातडी चिरून दाण्याची पिशवी मोकळी करा. मग पक्षी पाठीवर ठेवून, छातीचं हाड संपतं तिथे फक्त कातडी कापेल एवढा आडवा छेद. तळहात छातीच्या हाडाकडे ठेवून हात आत सरकवा, पेट्याचा, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठराचा, कडक गोळा बोटांना लागेल. तो मुठीत धरून ओढला की सगळं एकत्र बाहेर येतं. गुदद्वाराभोवती गोल कापून आतडी वेगळी करा. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी अलगद, थोडी कलेजी गेली तरी चालेल, पण फुटू देऊ नका. पेटा मधून चिरून आतलं पिवळं सालपट सोलून काढा. फुप्फुसं बरगड्यांत रुतलेली असतात, नखाने खरवडा.

कलेजी उजेडात नेऊन बघा. एकसारखी तपकिरी, गुळगुळीत असेल तर बरं. पांढरे ठिपके असतील किंवा पोटात पाणी साठलेलं असेल तर तो पक्षी जमिनीत पुरा. जीव चुटपुटतो, पण पुराच.

गार करणं

आपल्या दमट हवेत कापलेलं मटण दोन तास उघडं राहिलं की बिघडायला लागतं. साफ झालेला प्रत्येक पक्षी लगेच बर्फाच्या पाण्यात. जेटीवरचा बर्फ स्वस्त मिळतो, पण तो मासळीसाठीचा असतो, म्हणून पक्षी जाड पिशवीत घट्ट बांधून मगच त्यात बुडवा. चार तासांत मटण चार अंशांखाली आलं पाहिजे. मग निथळवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक रात्र. पहिल्या काही तासांत स्नायू आखडलेले असतात, तेव्हा शिजवलं तर रबर चावल्यासारखं लागतं. रात्रभर थांबलात तर तोच पक्षी मऊ शिजतो.

उरलेलं फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर, पिशवीतली हवा काढून, तारीख लिहून. वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर वीज कित्येक दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं मटण काढलं, मोठ्या टोपात शिजवलं आणि वाडीत वाटलं. पावसाळ्याच्या तोंडावर फ्रीजर भरायचा नाही हे तेव्हापासून ठरलं.

राहिलेलं

रक्त, पिसं, आतडी त्याच दिवशी पुरा. खड्डा तीन फूट खोल, विहिरीपासून लांब, वर चुना आणि मग दगड. उथळ पुरलंत तर कुत्री उकरतात, आणि कुत्र्यांच्या मागे वाघ अंगणापर्यंत येतो. पुढच्या वर्षी त्याच जागी नारळाचं रोप लावता येतं.

वापरलेला तूस कडक खत आहे. तो थेट माडाच्या आळ्यात घातला तर मुळं जळतात. पाला आणि शेणाबरोबर ढीग करून तीन महिने कुजवा, ढिगावर पाऊस लागू देऊ नका. खुराडा झाडून, धुऊन, चुन्याची सफेदी करून दोन-तीन आठवडे उघडा ठेवा, ऊन आत येऊ द्या. त्या दिवसांत जाळीची भोकं बघा, छपराची कौलं फिरवून घ्या, आणि कोरडा तूस भेटला तर दोन पोती भरून माळ्यावर टाकून ठेवा.